न मोडलेली पट्टी

बसा. उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट नाही ही, आणि अर्ध्यावर उठून जायचीही नाही. आधीच सांगून ठेवतो, अंगावर काटा येईल. आला तर येऊ द्या, काट्यानं अजून कुणी मेलेलं नाही. पण शेवटपर्यंत बसलात तर छातीवरचं ओझं थोडं हलकं करून पाठवीन, एवढा शब्द देतो.

तर एक सुतार होता. हा पेट्या करायचा. कपड्यालत्त्याच्या नव्हे, मेलेल्या माणसाला जिच्यात ठेवून पुरतात ती पेटी. खांद्यावर सदानकदा फळी असायची म्हणून सगळे त्याला फळ्या म्हणायचे. अगदी तोंडावर. तो रागवायचा नाही. म्हणायचा, "म्हणा रे, म्हणा. शेवटी माझ्याकडेच येणार आहात." माणूस हसरा होता. पेट्या करणारे बहुतेक हसरेच असतात, रडकं काम हसऱ्यालाच झेपतं.

त्याच्या घरात आजापासून एक रीत चालत आली होती. मेलेल्याचं माप टेपनं घ्यायचं नाही. टेप आकडा सांगतो आणि आकडा डोक्यात बसतो. मग लाकडाची बोटभर रुंद, पातळ पट्टी घ्यायची, देहाशेजारी ठेवायची आणि डोकं जिथं संपतं तिथं कापायची. त्या पट्टीवरून पेटी बेतायची. काम संपलं की पट्टी गुडघ्यावर मोडायची. करवत लावायची नाही, हातानंच. मोडताना मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "सोडला." ते दोन तुकडे एकावर एक क्रुसासारखे पेटीत पायाशी ठेवायचे, आणि मग झाकण ठोकायचं. आजा सांगायचा, "माणूस आपल्या मुठीत नाही, देवाच्या मुठीत आहे. हे डोक्याला लवकर कळत नाही. आधी हाताला कळू दे."

फळ्यानं अशा शेकडो पट्ट्या मोडल्या असतील. बापाची मोडली, आईची मोडली. एक तेवढी मोडली नाही.

त्याचा थोरला पोरगा सहा वर्षांचा असताना तापानं गेला. तीन दिवसांचा ताप. अख्खं चर्च गुडघ्यावर होतं त्या तीन दिवसांत, पाळकसाहेबांचा तर आवाज बसला प्रार्थना करून करून. पोरगा गेला तो गेलाच. पेटी फळ्यानंच केली, दुसऱ्या कुणाला रंधा धरू दिला नाही. आणि शेवटी कारखान्याचं दार लावून एकटा उभा राहिला, पट्टी गुडघ्यावर घेऊन.

हात चालेना. मनात आलं, ही मोडली की पोरगा एवढाच राहिला. कायमचा एवढाच. सहा वर्षांचा, बापाच्या कमरपट्ट्याच्या बक्कलापर्यंत येणारा.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "झालं का रे?" त्यानं पट्टी फळ्यांच्या ढिगामागं सरकवली, पायाशी काही न ठेवताच झाकण ठोकलं आणि दार उघडलं. "झालं," म्हणाला.

त्यानंतर फळ्या चर्चला गेला नाही. बायको जायची, पाठीमागं धाकटी पोरगी लोंबकळत. पाळकसाहेब भेटायला आले की हा रंधा जोरात मारायचा. साहेब बिचारे ढलप्यांत घोट्यापर्यंत बुडून उभे राहायचे, रंधा थांबायची वाट बघत. एकदा म्हणाले, "सुतारदादा, ती फळी आता कागद होईल." फळ्या हसला नाही. तेव्हाच लोकांना कळलं, की याचं काहीतरी आत मोडलंय. मोडलं नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

वर्ष सरलं. एका दुपारी ढिगातून फळी काढताना पट्टी हाताला लागली. त्यानं ती उभी धरली. सहज, पोराला उभं करावं तशी. आणि बघतो तर टोक बक्कलाच्या वर. चांगलं चार बोटं वर.

आता हे ऐका. लाकूड ओलीनं फुगतं, पण रुंदीला. लांबीला लाकूड वाढत नाही. सुताराच्या पोराला हे दात यायच्या आधी कळतं. फळ्यानं पट्टी दाराच्या चौकटीला लावली, शिसपेन्सिलीनं रेघ मारली आणि परत ठेवून दिली. उन्हाळा गेला, परत लावली. रेघ खाली, टोक वर.

दुसरा कुणी असता तर ओरडत बाहेर पळाला असता. फळ्याला काय झालं माहितेय? आनंद झाला. हे मला त्या सगळ्यात भयाण वाटतं. तो ढलप्यांत मांडी घालून बसला आणि पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा शीळ घातली त्यानं. पोरगा वाढतोय. जिथं असेल तिथं, पण वाढतोय.

मग तो नादच लागला. दुपारी जेवण झालं की दार लावून घ्यायचा. पट्टी पुसायचा. तिला तेल लावायचा. तिच्याशी बोलायचा, आज काय काम केलं, कोण गेलं, कुणाची पेटी किती जड झाली. लाकूड कापून इतकी वर्षं झालेली, पण पट्टीला ताज्या झाडाचा वास यायचा. हातात धरली की कोमट लागायची. आणि कधी तो पाठमोरा असला की मागनं आवाज यायचा. कट्. पोरं झोपेत बोटं मोडतात ना, तसा.

असं करत पोराला जाऊन चार वर्षं झाली. पट्टी त्याच्या छातीला आली.

आता धाकटीचं सांगतो. तिला घरात मुंगी म्हणायचे, कारण एका जागी ठरायची नाही. भाऊ गेला तेव्हा तीन वर्षांची होती, आता सात. फळ्याची बायको शिवणकाम करायची. लोकांचे कपडे उसवून लहान-मोठे करून द्यायची. एका सकाळी ती मुंगीला शाळेचा फ्रॉक घालत होती आणि मधेच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हा फ्रॉक गुडघ्याच्या खाली आलाय."

"धुतल्यावर लांबला असेल," फळ्या म्हणाला.

"कापड आटतं. लांबत नाही. मला शिकवू नका."

तिनं खालची घडी दुमडून टाके घातले. दोन महिन्यांनी परत दुमडली, मग परत. लोकांच्या पोरींचे फ्रॉक ती उसवून लांब करायची आणि स्वतःच्या पोरीचा दुमडत होती. बुटात कापूस घालावा लागला. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले अंगात कमी दिसतेय, खायला घाला. पोरगी खायची, अगदी नीट खायची. खाल्लेलं जातं कुठं, तेवढं कळत नव्हतं. टेपला लाज नसते, तो खरं तेच सांगतो. मुंगी तीन बोटं कमी झाली होती.

फळ्याच्या डोक्यात पट्टी आणि पोरगी हे दोन धागे जुळले नव्हते का? जुळले होते. पण माणूस एखादी गोष्ट कळूनही न कळल्यासारखी ठेवू शकतो. मी ठेवलीय, तुम्हीही ठेवली असेल.

एका दुपारी तो कारखान्यात आला तर मुंगी आधीच आत. फळ्यांच्या ढिगाला पाठ लावून ताठ उभी, एक हात स्वतःच्या डोक्यावर सपाट ठेवलेला. उंची बघताना पोरं ठेवतात तसा. आणि तो हात डोक्यावरून मागं सरकवत होती, हवेत, स्वतःपेक्षा वर.

"काय करतेस गं?"

"दादाशी पाठ लावून बघतेय," ती म्हणाली. "बघा ना, दादा केवढा झालाय."

पट्टीचं त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. पोरीला भावाचा चेहरासुद्धा धड आठवत नसेल.

"दादा काय म्हणतो?" फळ्यानं विचारलं.

"म्हणतो, तू थांब, मी पुढं जातो." आणि जांभई दिली तिनं. "बाबा, मला दमायला होतं हो त्याच्याशी खेळून."

त्या दिवसापासून मुंगीनं अंथरूण धरलं.

चौथ्या दिवशी सकाळी दारात कुदळ्या आला. कबरी खोदायचं काम करायचा तो. फळ्याचा जुना दोस्त, दोघांचा धंदाच असा, की एक थांबला तर दुसरा अडायचा. मातीचे हात, आणि बोलणं त्या हातांपेक्षा खरबरीत.

"पोरीला बघायला आलोय," म्हणाला. "आणि तुला शिव्या द्यायला."

"दे. रांगेत उभा राहा."

"ऐक. चार वर्षं मी एक गोष्ट पोटात ठेवलीय. माती खणणाऱ्याला माती कळते. कबर भरली की माती फुगीर असते, एक पावसाळा गेला की बसते. तुझ्या पोराच्या कबरीची बसत नाही. कालच्यासारखी भुसभुशीत आहे. मी दर वर्षी चोपतो, दुसऱ्या दिवशी परत तशीच. आधी वाटलं घूस असेल. घूस नाही." त्यानं आवाज खाली आणला. "आत काय ठेवायचं राहिलंय, फळ्या?"

फळ्याची नजर कारखान्याकडे गेली. त्याची बायको शिवणयंत्रापाशी बसली होती, तिचा पाय पायट्यावर थांबला.

"पट्टी," ती म्हणाली. "पट्टी मोडलीच नाहीत तुम्ही."

सुताराची बायको होती. तिला काय रीत माहीत नव्हती?

ती उठली आणि सरळ कारखान्यात गेली. तो मागोमाग. ढिगामागं हात घालून तिनंच पट्टी बाहेर काढली. हातात आल्याबरोबर तिला कळलं. कोमट होती ना.

"तुमच्याकडे माझं पोर होतं," ती म्हणाली, "आणि चार वर्षं मला सांगितलं नाहीत?"

तिनं पट्टी गालाला लावली. डोळे मिटून उभी राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. फळ्याला वाटलं, आता ही पण नाही सोडणार. खरं सांगू का, त्याला तसं व्हावं असंही वाटलं. म्हणजे मग एकट्याचं पाप नाही राहत.

घरातून मुंगी खोकली. एवढासा आवाज, मांजराच्या पिल्लासारखा.

बायकोनं डोळे उघडले, पट्टी त्याच्या हातात दिली. "जा," म्हणाली. बस्, एवढंच.

कुदळ्या आणि फळ्या कबरस्तानात गेले तेव्हा सकाळ होती, ऊन होतं, पाखरं होती. पण त्या एका कबरीभोवती पाखरू नव्हतं. फळ्यानं मातीवर हात ठेवला तर हात मनगटापर्यंत आत गेला. खाली माती गार असते. ही कोमट होती.

त्यानं पट्टी गुडघ्यावर घेतली आणि जोर दिला. मोडेना. इतक्या वर्षांची वाळलेली पट्टी, काडकन मोडायला हवी. ती ओल्या फांदीसारखी वाकली आणि परत सरळ झाली. परत जोर दिला, परत तेच. आणि आतून आवाज आला. कट्. कट्. भराभर. पट्टी त्याच्या हातात लांब होत होती. छातीवरनं गळ्याला आली.

"नाव घे," कुदळ्या म्हणाला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. "नाव घेतल्याशिवाय कशी मोडेल?"

"नाव घेतलं तर तो जाईल."

"कुठं जाईल, गाढवा? इथं अडकवून ठेवलायस त्याला, ना तिकडचा ना इकडचा. पोरगा वाईट नाही तुझा. वाढायचं वय आहे, वाढतोय. पण अडवलेलं पाणी शेजारची भिंत खातं. मुंगीला खातोय तो, त्याला कळत पण नसेल."

फळ्या रडायला लागला. ओरडला नाही, नुसताच गळत होता. म्हणाला, "मी मागणं घातलं होतं त्याला. देवाला. तीन दिवस मागितलं. दिलं का त्यानं?"

कुदळ्या शिकलेला नव्हता. बोट लावून ओळ वाचायचा. त्यानं कुदळीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "का नाही दिलं, ते मला माहीत नाही. पाळकसाहेबांनाही नसेल, मी विचारलंय त्यांना माझ्या बायकोच्या वेळी. पण एक सांगतो. मी आजवर इतक्यांना खाली ठेवलं, एकालाही फेकून दिल्यासारखं नाही ठेवलं. दुसऱ्याची वस्तू त्याच्या घरी पोचवावी तसं ठेवलं. घरमालक एकदा स्वतः कबरीत झोपून तिसऱ्या दिवशी उठलाय. त्याला माहितेय आत कसं असतं, आणि बाहेर कसं काढायचं. तेवढ्यावर चालतो मी. तेवढंही नसतं ना, तर पहिल्याच खड्ड्यात स्वतः बसलो असतो."

मग फळ्या गुडघ्यावर आला. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि प्रार्थना केली. सुंदर नव्हती ती प्रार्थना, सांगतो तुम्हाला. म्हणाला, "प्रभू, तूही सुताराच्याच घरात वाढलास. तुझ्याही हातात लाकडाची कूस गेली असेल. माझा तुझ्यावर राग आहे, तो आहे, खोटं कशाला बोलू. पण पोरगा मला वाढवता येत नाही. मी वाढवला तर पोरगी मरते. तू घे. किती मोठा करायचा, कसा करायचा, तू बघ. पण नीट बघ."

आणि नाव घेतलं त्यानं पोराचं. चार वर्षं जिभेवर आलं नव्हतं ते नाव. घोगरं निघालं, अर्धं आत राहिलं, म्हणून परत घेतलं. "सोडला," म्हणाला.

पट्टी मोडली. आवाज मोठा नाही झाला. आतलं लाकूड पांढरंशुभ्र, आणि ओलं, नुकत्याच तोडलेल्या झाडासारखं. कुदळ्यानं हातभर माती काढली, दोन तुकडे एकावर एक ठेवले, माती लोटली. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत ती माती बसली. हळू. दमलेला माणूस खुर्चीत बसतो तशी. वर बोटाचा ठसा उमटेना इतकी घट्ट झाली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. कुदळ्या म्हणाला, "कुणी विचारलं तर घूसच होती म्हणून सांग. नाहीतर माझी नोकरी जाईल."

घरी आले तर दारात बायको उभी. फळ्याचे पाय उंबऱ्यावरच थांबले, आत काय असेल या भीतीनं. पण ती म्हणाली, "जा आत. भांडतेय."

मुंगी अंथरुणात उठून बसली होती. रुसलेली. "सकाळपासून मला कुणी खायला दिलं नाही," म्हणाली. दिलं तेव्हा दोन्ही हातांनी खाल्लं. मग तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "दादा गेला."

फळ्या तिच्याशेजारी टेकला. "कुठं गं?"

"त्याला कुणीतरी हाक मारली. त्याच्या नावानं. तो पळतच सुटला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"कुणी मारली हाक?"

तिनं जरा विचार केला. "मला नाही माहीत. पण दादाच्या ओळखीचं होतं कुणीतरी."

त्या आठवड्यात फळ्या चर्चला गेला. शेवटच्या बाकावर बसला, गाणी म्हटली नाहीत. पुढच्या आठवड्यात ओठ हलले. त्याचा राग एका दिवसात गेला असं मी सांगणार नाही, गेला नाही. पाळकसाहेबांना त्यानं एकदा विचारलं, "रागात केलेली प्रार्थना चालते का?" साहेब म्हणाले, "मला तर तीच ऐकू येते लोकांची, दादा. गोड बोलणारे मनातलं सांगतच नाहीत." त्यावर फळ्या हसला. आणि पोरगा आठवला की हल्ली तो त्याला सहा वर्षांचा दिसायचा नाही आणि दहाचाही नाही. नुसता पळताना दिसायचा, पाठमोरा, कुणाकडे तरी. ते बघून त्याला दुखायचं, पण आता भूकही लागायला लागली होती. बायको त्या वर्षी तीनदा मुंगीचा फ्रॉक उसवायला बसली. उसवताना गाणं म्हणायची.

असो. झालं सांगून. आता एक काम करा माझं. रस्त्यानं ती कोण येतेय बघा, केसांत भुसा, खांद्यावर फळी. बापाचा कारखाना आता तीच चालवते, आणि या वेळी इथं टेकायला येते. यातलं तिला काही विचारू नका, लहानपणचं तिला फारसं आठवत नाही, आणि न आठवलेलंच बरं. दारातून येताना वाकावं लागतं तिला, तर उंचीवरूनही चिडवू नका, फार ऐकून झालंय तिचं. पाय लांब आहेत, जागा जास्त लागते.

जरा सरकून बसता का?